वाळूच्या पट्ट्यावरची मोजणी

६ एप्रिल
एकसष्ट घरटी! गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस होती. नऊ वर्षांपूर्वी आम्ही राखणीला लागलो तेव्हा फक्त सात.

चिखल्या म्हणजे किनाऱ्यावरचं मुठीएवढं पाखरू; त्याचं घरटं म्हणजे वाळूत बोटाने उकरल्यासारखा खळगा, आत वाळूच्याच रंगाची अंडी. पाऊल टाकायच्या आधी दहादा बघावं लागतं. मास्तर आमचे म्होरके, आयुष्यभर गणित शिकवलेले, कौतुकाच्या बाबतीत महाचिकट. आज आकडा ऐकून म्हणाले, ठीक आहे. त्यांच्या तोंडून म्हणजे पदकच की.

गुडघ्यांनी मात्र बोंब मारली. हे म्हणाले, निवृत्तीनंतर लोक नातवंडं मोजतात, तू पाखरं मोज.

९ एप्रिल
फाटकावर नोटीस. बंदराकडे जाणारा नवा रस्ता थेट आमच्या पट्ट्यावरून. हरकती असतील त्यांनी बारा मेच्या सुनावणीत मांडाव्यात. आमच्या राखणीतला सुतार कुंपणाचे खांब ठोकत होता, तो हातोडी मांडीवर घेऊन खालीच बसला.

१० एप्रिल
थोरल्या लेकीचा फोन, रस्ते खात्यात इंजिनियर आहे ती. त्या रस्त्याची पाहणी तिच्याकडेच आलीय! आई तिथे काम करते हे तिने वरिष्ठांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, तूच कर, दुसरा इंजिनियर तपासेल.

मी म्हटलं, मग मिटली काळजी.

ती म्हणाली, "आई, मी तुझ्या बाजूने नाही. कुणाच्याच बाजूने नाही."

फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

११ एप्रिल
राग उतरला. लेक माझ्यावरच गेलीय – दोष द्यायचा कुणाला?

२ मे
नऊ वर्षांच्या वह्या उतरवून काढतेय. आमचे हे हातातलं दुरुस्तीचं घड्याळ बाजूला ठेवून आकडे वाचून दाखवतात, मी लिहिते. तिसऱ्या वर्षी घरटी वाढायच्या ऐवजी घटलेली. सुतार हळूच म्हणाला, ते पान राहू द्यावं, उगाच कशाला दाखवायचं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पान सुनावणीला जाणार. चौतीस वर्षं टपालात पत्रं निवडली, आवडलं नाही म्हणून एकही गाळलं नाही.

सुतार ओशाळला. मग स्वतःच त्या पानाला रेघा मारून दिल्या.

१२ मे
सभागृह गच्च. टेबलापलीकडे थोरली, केस घट्ट बांधलेले, समोर आमच्या वह्या. मास्तरांना वाटलं ती सोपं विचारेल. कसलं काय! पानापानावर अडवत होती. कोणी मोजलं, किती वाजता, भरती होती की ओहोटी.

मग तिसरं वर्ष उघडलं. "या वर्षी घरटी कमी का? तुम्ही सांगा."

तुम्ही! जन्मात पहिल्यांदा.

सांगितलं – मास्तर आणि मी वेगवेगळे मोजतो, एकमेकांचा आकडा बघत नाही. जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी कुंपण नव्हतं, भटक्या कुत्र्यांनी अंडी खाल्ली. पुढच्या वर्षी सुताराने खांब रोवले, घरटी वाढली. कमी होती म्हणून कमी लिहिली.

तिने लिहून घेतलं. मान वर केली नाही. पण मागून कुणीतरी म्हणालं, बाईंचा हिशोब चोख आहे. सुतार खुर्चीत वीतभर उंच झाला!

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, मुलगी कडक आहे हो. मी म्हटलं, आहेच.

१३ मे
झोप छान लागली.

४ जून
उशिराच्या घरट्यांतलीही पिल्लं निघाली. काडीसारख्या पायांवर कापसाचे बोळे, आणि धावणं काय विचारता! सुताराची बायको पहिल्यांदाच इथे बघायला आली. तो तिला दोरीपलीकडून एकेक खळगा दाखवत होता, जणू आतली अंडी स्वतःच घातलीत.

१९ जून
रस्त्याची नवी आखणी आली. पट्टा पूर्ण वाचला. रस्ता आता वळसा घालून आमच्या गल्लीतून जाणार, पाडायच्या घरांत पहिलं आमचं. ह्यांनी नकाशा खिडकीपाशी उजेडात धरला. मी खालची सही पाहिली. थोरलीची. ठसठशीत, कुठेही रेघ हललेली नाही.