आंबेनळीच्या वळणावरची सात मिनिटे

मी, अब्बास उस्मान मुकादम, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा ट्रकचालक, हल्लीचा धंदा ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणे, राहणार दासगाव, तालुका महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी अक्कल जागेवर आहे. वकीलबाईंनी खात्रीसाठी मला आजची तारीख विचारली, ती मी सांगितली. शिवाय त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हेही सांगितले.

माझ्यामागे बायको रजिया आणि मुलगा मुसैब एवढेच वारस आहेत. आमच्या शरियतप्रमाणे वारसांना ठरलेला हिस्सा जातो आणि तिसऱ्या भागापुरतेच मला माझ्या मर्जीने देता येते. माझी मर्जी तेवढ्यात मावते.

कलम १. दासगावचे सावित्रीकाठचे घर रजिया आणि मुसैब यांना हिश्शाप्रमाणे. रजिया आहे तोवर ते विकू नये. २०२१ च्या पुरात या घरात माळ्यापर्यंत पाणी आले होते. मुसैबला आत्ताच महाडला फ्लॅट घ्यायची घाई झाली आहे, ती त्याने आवरावी.

कलम २. माझा जॅक, सगळे पाने आणि चाके खोलायची टॉमी मुसैबला. पाने पुसून ठेवावेत. आजवर त्याने एकही पुसलेला नाही.

कलम ३. आता खरी मिळकत. माझ्याकडे व्हिडिओ कॅमेऱ्याची एक छोटी टेप आहे, तिच्यावर पेनाने सहा आकडा घातलेला आहे. ती कोणाला का द्यायची हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी म्हटले, मग मी मरायचे तरी कशाला?

पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतला श्रीपत हाटे माझा जिवाचा दोस्त. एकाच ट्रकवर आम्ही आलटूनपालटून अकरा वर्षे चालवली. १९९६ साली रजियाचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा इरशाद, आखातात माणसे पाठवायचा. ड्रायव्हरचा व्हिसा आहे म्हणाला. श्रीपत कचरत होता. त्याला मी तयार केले, हे मी इथे लिहून देतो. आमच्याकडे गावातून कोणी आखातात निघाला की घरोघरची पार्सले त्याच्या बॅगेत जातात, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, पापड, लोणचे, ज्याच्या त्याच्या माणसासाठी. आमच्या दोघांच्या बॅगांत स्वतःचे कपडे कमी आणि गावाचे सोडे जास्त होते. विमानात लोक नाक धरून बसले होते.

तिथे उतरताच पासपोर्ट काढून घेतले. मला एका मळ्यावर बकऱ्यांमागे धाडले, श्रीपतला दुसरीकडे कुठे तरी, पाण्याच्या टँकरवर. मी तीन वर्षांनी सुटून आलो. श्रीपत आला नाही. इरशाद गावभर सांगत होता, “तो तिकडं दुसरी करून बसलाय.” लोकांनी मानले. लाज वाटते लिहायला, मीसुद्धा मानले. अकरा वर्षे ज्याच्या शेजारी बसून जेवलो त्याच्याबद्दल मी हे खरे धरले. श्रीपतची बायको काशीबाई वाडीत राहिली, ना धड सवाष्ण, ना धड विधवा. नळावर बायका तिला पुढे होऊ देत नसत. चंपाबाई नावाची शेजारीण तर तिच्या तोंडावर म्हणायची, “बाईत कायतरी कमी असल्याबिगर पुरुष पळत नाय गो.”

येताना मी एक कॅमेरा आणला होता. श्रीपतचा धाकटा भाऊ धम्मपाल त्यावर लग्नांची शूटिंग करू लागला. २००४ साली त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. नाव ‘पासपोर्ट आणि कोयता’. गोष्ट अशी, की एजंट गावातल्या पोरांना परदेशात विकतो आणि त्यातल्या एकाची बायको कोयता घेऊन त्याचा सूड घेते. तासाभराच्या सिनेमात बावीस मुडदे. वाळवंट म्हणून एप्रिलातली सावित्रीची वाळू, विमानतळ म्हणून पोलादपूरचा एसटी स्टँड, आणि रक्त म्हणून कोकमाचे आगळ. मेलेल्यांच्या अंगावर इतक्या मुंग्या चढत, की ते मरून धड पडूनही राहत नसत.

एजंटाचे काम करायला इरशाद स्वतःहून आला. त्याच्याच धंद्याची गोष्ट आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण पांढरा कोट, काळा चष्मा आणि हातात घड्याळ एवढे ऐकल्यावर त्याला राहवेना. रुबाबापायी त्या माणसाने आयुष्यात बरेच काही केले, त्यातले हे एक.

हिरॉईन मुंबईहून आली होती. ती दोन दिवसांत उन्हाला कंटाळून पळाली. मग शेवटच्या सीनसाठी धम्मपालने युनिटच्या भाकऱ्या थापणाऱ्या काशीबाईलाच उभे केले. “वहिनी, फक्त एक वाक्य हाय.” वाक्य असे होते, “हा घे तुझा व्हिसा, आता थेट वर जा!” एका हाताने इरशादचे मनगट धरायचे, दुसऱ्या हाताने कोयता मानेला लावायचा. कोयता तिचाच, सकाळी लाकडे तोडलेला. मी वीस पावलांवर ट्रक चालू ठेवून बसलेलो, कारण तिने ढकलल्यावर एजंट माझ्या ट्रकखाली यायचा होता. जागा आंबेनळी घाटातले वळण, वेळ सकाळी दहाची.

धम्मपालने खूण केली. काशीबाईने मनगट धरले आणि थांबली. वाक्य विसरली असे आम्हाला वाटले. तिने इरशादच्या हातातले घड्याळ उपटले आणि उलटे केले. लग्नानंतर महाडच्या भांड्यांच्या दुकानात तिने ताटांवर नाव घालून घेतले होते, तेव्हा त्याच कारागिराकडून श्रीपतच्या घड्याळाच्या पाठीवरही ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेतले होते. इतक्या वर्षांत इरशादने पाठ कधी पाहिली नव्हती. ते घड्याळ कुठून आले हेसुद्धा तो विसरून गेला होता.

ती म्हणाली, “ह्या घड्याळाचा मालक कुठं हाय?”

मी इंजिन बंद केले. घाटात फक्त वारा होता. कोयता हलला नाही. इरशादचा चष्मा खाली पडला आणि तो बोलू लागला.

“श्रीपत पळाला नाय. मेलाय तो. टँकरखाली आला, अठ्ठ्याण्णव साली. मला फोन आलेला. त्याची बॅगबी माझ्याकडंच आली. तवा सतरा पोरांची तिकिटं निघालेली. मयत कळली असती तर एकबी पोर गेला नसता.”

“आनि पुरलाय कुठं?”

“जिद्दाला. परक्या लोकांचं कब्रस्तान हाय, तिथं.”

मी इंजिन पुन्हा सुरू केले. हे मी कोर्टातही सांगेन. माझा पाय अॅक्सिलेटरवर होता, इरशाद समोर होता, मागे दरी होती, आणि माझ्या मनात सिनेमा उरलेला नव्हता. काशीबाई वळली आणि माझ्या ट्रकसमोर येऊन उभी राहिली. कोयता खाली, दुसरा हात वर.

“अब्बासभाऊ, गाडी बंद करा. माझा मानूस आज मेलाय. आज दुसरा कोन मरायचा नाय.”

मी समुद्र पाहिला, वाळवंट पाहिले, सावित्रीचा पूर पाहिला. त्या बाईएवढे मोठे मी काही पाहिलेले नाही. तिने घड्याळ स्वतःच्या मनगटात घातले, सैल होत होते म्हणून कोपरापर्यंत सरकवले, आणि वळणावरच्या दगडावर बसून रडली. सहा वर्षांचे रडणे होते ते. आम्ही सगळे, बावीस मुडद्यांसकट, रस्त्यात उभे राहिलो. एसटी आली तीसुद्धा हॉर्न न वाजवता थांबली. धम्मपाल कॅमेरा बंद करायचा विसरला. सगळी मिळून सात मिनिटे, ती टेप नंबर सहावर आहेत.

सिनेमाचा शेवट नंतर माझ्या पाठीवर पांढरा कोट चढवून उरकला. पोलादपूरच्या समाजमंदिरात तो दाखवला तेव्हा काशीबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती सात मिनिटे लागतील आणि वाडीला कळेल, म्हणून. ती लागली नाहीत. टेप मी कॅमेऱ्यातून काढून घेतली होती आणि धम्मपालला सांगितले होते, की ती खराब झाली.

इरशादच्या मुलीचा निकाह महिन्यावर आला होता आणि तो माझ्या पायाशी बसला होता. निदान तोंडी तरी वाडीत का सांगत नाही असे धम्मपालने विचारले तेव्हा मी कुजबुजत सांगितले, की रजियाने भावासाठी हट्ट धरला. हे खोटे आहे. रजियाने मला कधी एक शब्द विचारला नाही. जे केले ते मी केले. काशीबाईने आणि धम्मपालने खरे काय ते वाडीत सांगून पाहिले. मुडदे वळणापलीकडे होते, इरशादचे बोलणे त्यांना ऐकू गेले नव्हते. लोक म्हणाले, नवऱ्याने टाकलेली बाई दुसरे काय सांगणार? त्या दिवशी सिनेमा संपल्यावर ती उठली, बसायला आणलेली चटई गुंडाळली आणि गेली. वीस वर्षे ती ईदला शेवया न्यायला येते, पण माझ्या घरात बसत नाही.

टेप मी तांदळाच्या डब्यात तळाशी लपवली होती. पुराच्या दिवशी आम्ही गच्चीवर पळालो तेव्हा मी जमिनीची कागदपत्रे उचलली. रजियाने तांदळाचा डबा उचलला. वर गेल्यावर मी ओरडलो, आता काय भात रांधणार आहेस? तिने डब्यात हात घालून टेप माझ्या हातात दिली.

“तुला माहीत होतं?”

“सतरा वर्षं तांदूळ मी काढते. तुमी नाय.”

तिच्या सख्ख्या भावाची लाज त्या टेपेत आहे. ती नुसती सोडून दिली असती तर सावित्रीने नेली असती. माझ्यापेक्षा माझी बायको किती मोठी आहे हे मला अडुसष्टाव्या वर्षी, गच्चीवर, भिजताना कळले. ते मी इथे नोंदवतो.

सबब टेप नंबर सहा मी श्रीमती काशीबाई हाटे यांना देतो. माझ्या मरणाच्या चाळिसाव्या दिवसानंतर ती पोलादपूरच्या त्याच समाजमंदिरात पूर्ण सिनेमासकट सर्वांना दाखवावी.

कलम ४. इरशादने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. हा माणूस दिसला तर मय्यत खाली ठेवावी आणि तो गेल्यावर उचलावी.

कलम ५. मुसैब उमराहसाठी मक्केला जाईल तेव्हा त्याने जिद्दात त्या कब्रस्तानाच्या दारापर्यंत जावे. काशीबाई देतील ते पार्सल आपल्या कपड्यांआधी बॅगेत भरावे.

मसुदा तयार, २० डिसेंबर २०२४.

पुरवणी. वरचा मसुदा मी रजियाला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “चाळिसाव्यानंतर का? आनि काशी तुमच्या आधी गेली तर?”

मेल्यावर खरे बोलणे सोपे असते, म्हणून मी ते तिथे ढकलले होते. दुसऱ्या दिवशी मी बौद्धवाडीत गेलो आणि काशीबाईच्या दारात उभा राहून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, “टेप चालंल का अजून?”

चालली. धम्मपालने महाडच्या एका फोटोवाल्याकडून जुने यंत्र आणले. १२ जानेवारीला, रविवारी दुपारी चार वाजता, समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावून सिनेमा दाखवला. सावित्रीच्या वाळवंटाला लोक पोट धरून हसले. मुंग्या झाडणाऱ्या मुडद्यांवर पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग टेप सहा लागली. इरशादचा आवाज आला, “श्रीपत पळाला नाय,” आणि दोनशे माणसांतली शिट्ट्या मारणारी पोरेसुद्धा खाली बसली. इरशाद बाहेर खिडकीशी काठी टेकून उभा होता. रजियाने त्याला रिक्षातून आणले होते. आत यायची हिंमत त्याला झाली नाही.

दिवे लागल्यावर चंपाबाई, आता पंच्याऐंशीची, चाचपडत पुढे आली आणि काशीबाईचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. काशीबाई म्हणाली, “बस गो. चा घे.” त्या दिवशी ती आमच्यासोबत दासगावला आली आणि वीस वर्षांनी माझ्या घरात बसली. चहा मी केला. रजिया म्हणते, असे तिने लग्नापासून पाहिलेले नाही.

म्हणून कलम ३ मधील दाखवण्याची अट पुरी झाली असे समजावे. कलम ४ काशीबाईला वाचून दाखवले, ती म्हणाली, “देऊ दे त्याला खांदा. वजन कळू दे.” सबब कलम ४ रद्द.

आता टेपेबद्दल. वकीलबाई म्हणाल्या, आमच्यात साक्षीदारांची सक्ती नाही, पण असलेले बरे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने मात्र साक्षीला राहू नये. हे ऐकून काशीबाईने हात वर केला, घाटात केला होता तसाच.

“मग मला काय नको. मी साक्षीदार.”

म्हणून टेप नंबर सहा रजियाकडे, तांदळाच्या डब्यात; वारसाला हिश्शाबाहेर द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते, ती मुसैबने दिली आहे. यापुढे डबा कोणी लपवू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली सही करतो. साक्षीदारांनी माझ्यादेखत सह्या केल्या. काशीबाईने आपले नाव स्वतः लिहिले. बौद्धवाडीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी जो शब्द लावतात, तो इतकी वर्षे रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंत तिला नवऱ्याच्या नावाआधी लिहू दिला नाही, तो लिहायला तिने वेळ घेतला. मनगटातले घड्याळ कागदावर सारखे घसरत होते. आम्ही कोणीही घाई केली नाही.

ठिकाण: महाड
दिनांक: १५ जानेवारी २०२५

(सही) अब्बास उस्मान मुकादम

साक्षीदार:
१. (सही) धम्मपाल गोमाजी हाटे, रा. बौद्धवाडी, ता. पोलादपूर
२. (सही) काशीबाई, कालकथित श्रीपत गोमाजी हाटे यांची पत्नी