काविळीची माळ

उल्हासनगर, कॅम्प ५
१० सप्टेंबर २००६

चि. विकासराव यांस सासरे जनू यांचे अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून, देवाला हात जोडून प्रतिभाच्या डोक्यावर माळ ठेवली. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. सातवा महिना. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून मीच हट्टाने तिला तुमच्याकडून आणले होते. ती हसून म्हणाली, बाबा, लग्नातली माळ जड होती, ही बरी.

तुम्ही फोनवर म्हणालात, मोठ्या दवाखान्यात न्या. मी म्हणालो, वेलीच्या काड्या सुकतात तशी माळ लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, छातीपर्यंत आली की कावीळ उतरते. माळ खरेच लांबत होती. पाचव्या दिवशी पोरीने मला ओळखले नाही, तेव्हा रिक्षा आणली. बाळ पोटातच गेले, दुसऱ्या दिवशी तीही.

दहाव्याला तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बरोबरच केलेत. पण लोक अजून रविवारी येतात. वडिलांनी वाडीत माळ शिकवताना वचन घेतले होते, पैसा घ्यायचा नाही आणि कोणाला दारातून परत पाठवायचे नाही. आमच्या गल्लीत चाळीस घरे. दोन महिन्यांत सतरा जणांना कावीळ झाली, सगळ्यांना माळ घातली, सगळे बरे झाले. मग माझ्याच लेकीला गुण का आला नाही?

तुमचा,
जनू

बेलवली, बदलापूर
१९ सप्टेंबर

ती. मामांस विकासचा सा. नमस्कार.

तुमचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, ही कावीळ पाण्यातून येते. तुमच्या गल्लीचा नळ गटारातून गेला आहे. पाणी बंद झाले की फुटक्या जागेतून घाण आत ओढली जाते, म्हणून घरोघरी कावीळ. बहुतेक माणसे महिनाभरात आपोआप बरी होतात, गळ्यात काहीही घाला. पोटुशी बाई मात्र दगावू शकते. लवकर नेली असती तरी वाचलीच असती, असे ते छातीठोक सांगत नाहीत.

मामा, तुम्हाला शिवी द्यावीशी वाटते, आणि हात तीर्थरूप लिहितो. मीही नुसता फोनच केला. बेलवलीहून कॅम्प पाच किती लांब? मनात म्हटले, मामांच्या हाताला गुण आहे.

एकच मागतो. आता कोणाला माळ घालू नका. वचन मोडेल, मोडू द्या.

विकास

उल्हासनगर, कॅम्प ५
२५ सप्टेंबर

चि. विकासराव यांस आशीर्वाद.

काल दारात पाच जण होते. त्यात शेजारच्या जनाबाईंची सून भावना, पाचवा महिना, नखेसुद्धा पिवळी. मी सगळ्यांसमोर सांगितले की प्रतिभाला मी पाच दिवस माळेवर ठेवले, तुम्ही दवाखान्यात जा, पाणी उकळून प्या. जनाबाई भडकल्या. लेक गेली म्हणून याचं डोकं फिरलंय, आमच्या सुनेवर कशाला राग काढतो, असे गल्लीभर ओरडल्या. मी भावनाला रिक्षात बसवले. शिव्या देत देत जनाबाईही चढल्या. भरती होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तिचे काय होईल, देव जाणे.

घरी आल्यावर वडिलांच्या फोटोसमोर बसलो. पहिल्यांदाच त्यांच्यापुढे मान वर करता आली नाही. वाडीला माझा थोरला भाऊ वाळूदादा माळ घालतो, त्यालाही कळवले आहे. लोभ असू द्या, असे लिहायला हात धजत नाही. माळ मी बंद केली.

जनू