उंबऱ्यावरची तीन वाक्यं

सर, उद्या मला लातूरला जायचंय. तिथल्या एका मुलींच्या कॉलेजात स्नेहसंमेलन आहे आणि पाहुणी मी. ज्या प्राध्यापकबाईंनी फोन केला त्यांनी भाषणाचा विषय विचारलाच नाही. म्हणाल्या, "मॅडम, तुमचा तो पाहुण्यांचा किस्सा मात्र सांगायचाच हं, मुली त्याच्यासाठीच थांबणारेत." मी हो म्हणून मोकळी झाले. गेली वीस वर्षं मी पेपरात लोकांची टोपी उडवतेय, पुढाऱ्यांपासून प्राचार्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही, आणि लोकांच्या लक्षात राहिलंय काय, तर मी सोळा वर्षांची असताना मला बघायला आलेल्या मुलाची कशी फजिती केली ते. आता दुपारचे तीन वाजलेत. नांदेडच्या या घरात बॅग भरून पलंगावर ठेवलीय, आणि साडीच्या घडीखालून तुमची वही काढून मी हे लिहीत बसलेय.  

तुमचा इंग्रजीचा क्लास औशाला, तुमच्या थोरल्या भावाच्या गादीघरामागच्या खोलीत. पुढं कापूस पिंजायचं मशीन, मागं आम्ही दहावीची सोळा पोरंपोरी, त्यातल्या सात पोरी एकट्या आमच्या गावच्या, एसटीनं येणाऱ्या. मशीन चालू झालं की तुम्ही भूतकाळ ओरडून शिकवायचात आणि बंद पडलं की भविष्यकाळ हळू आवाजात. त्यामुळं मला अजून वाटतं की भूतकाळ म्हणजे गोंगाट, आणि पुढचं जे काही असतं ते कान देऊन ऐकावं लागतं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तुम्ही क्रियापदांची तीन-तीन रूपं लिहून भिंतीला डकवलेली. गो, वेन्ट, गॉन. खोलीभर कापसाची भुरभुर. घरी गेलं की आई वेणीतला कापूस वेचायची आणि म्हणायची, "आज गेल्ती म्हणायचं क्लासला." हजेरीपट आमच्या डोक्यावरच असायचा.

आणि तुमचा तो नियम. आत येण्याआधी उंबऱ्यावर थांबायचं आणि तीन वाक्यं इंग्रजीत सांगायची: काल काय केलं, आत्ता काय करतोय, उद्या काय करणार. तीनही स्वतःची आणि तीनही खरी. पुस्तकातली चालायची नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात एक मुलगी सकाळपासून गाणं गात असते, ते पान निघालं की तुम्ही म्हणायचात, "ती दमली आसंल बिचारी, तिला बसू द्या. तुमचं सांगा." एकीनं एकदा रुबाबात सांगितलं की काल मी चार तास अभ्यास केला. तुम्ही मान तिरकी करून म्हणालात, "काल तू स्टँडवर मैत्रिणीबरोबर ऊस खाऊन राहिली होतीस. परत जा फाटकापर्यंत, खरं घेऊन ये." ती गेली आणि खरोखर ऊस घेऊन परत आली, म्हणजे वाक्यात. तिची तिन्ही रूपं चुकली होती, तरी तुम्ही तिला आत घेतलंत. "ग्रामरची चूक माफ हाय," तुम्ही रोज म्हणायचात, "खोटं माफ न्हाई."

कालचं वाक्य आम्हाला पटकन जमायचं. आजचं तर सोपंच, उंबऱ्यावर उभी आहे एवढं म्हटलं तरी खरं. अडायचं ते उद्याचं. त्यातलं 'विल' कुठं टाकायचं हे आठवडाभरात कळलं, पण आमच्या उद्याचं आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ते ठरवायचं काम चुलत्याकडं, मामाकडं, पंचांगाकडं असायचं. आम्ही आपलं सांगायचो, उद्या मी भाकरी करणार, उद्या मी विहिरीवर धुणं धुणार. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "अजून?" त्या 'अजून'ला मी फार घाबरायचे.

तो शनिवार. मी उंबऱ्यावर आले आणि छाती पुढं काढून म्हणाले, "टुमारो गेस्ट्स विल कम टु सी मी." खोलीत हशा पिकला. मला तो हवाच होता. हसवलं की भीती वाटत नाही, हे मला तेव्हाच कळलेलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. पुढं जाऊन भावाला मशीन बंद करायला सांगितलंत, परत आलात आणि मराठीत विचारलंत.

"कुठले पाहुणे?"

"चाकूरचे. चुलत्यानं आणलंय स्थळ. पोरगा बी.ए. हाय, पतसंस्थेत लागलाय."

"आन् तुला काय पाहिजे?"

"शिकायचंय सर."

"मग हे मला इंग्रजीत सांगून काय फायदा? वडलांना सांगितलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात, "त्यांना मराठीत सांग. जेवताना नको, जेवताना माणूस ऐकत न्हाई. शेतातून आले, हातपाय धुतले, की समोर उभं राहून सांग. म्हण आता: अण्णा, मला बारावीपर्यंत शिकायचंय."

आणि तुम्ही ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत, सगळ्यांच्या समोर, त्याच उंबऱ्यावर. तुमच्या क्लासात घोकलेलं ते एकमेव मराठी वाक्य. मी निघाले तेव्हा मागून हाक मारून म्हणालात, "अन् हे बघ. ती तुझी जीभ हाय ना, ती पाहुण्यांवर चालवू नको. त्या पोराचा काय गुन्हा? त्याला बी कुणीतरी धरूनच आणलं आसंल."

संध्याकाळी अण्णा आले. हातपाय धुतले, टॉवेल मागितला. मी टॉवेल दिला. वाक्य दिलं नाही.

रविवारी दुपारी पाहुणे आले: मुलगा, त्याचे आईवडील, मामा. पोहे झाले. मुलाच्या आईनं माझ्या वेणीतून कापसाचा एक धागा ओढून काढला आणि बोटांत धरून बघितला, काहीतरी सापडल्यासारखा. मग मामा म्हणाले, "पोरीला इंग्रजी येतं म्हणं. आमच्या पोराचं बी बी.ए. इंग्रजी घेऊनच हाय. बोला की दोघं चार वाक्यं, आम्हाला बी ऐकू द्या." सर, हे मामा नसते तर माझं काय झालं असतं कोण जाणे. मी मान वर केली आणि म्हणाले, "आमच्या क्लासात पद्धत हाय, तीन वाक्यं सांगावी लागतात. काल, आज, उद्या. पाहुणे हायत, आधी तुम्ही सांगा."

त्या मुलानं घसा खाकरला. कपाळावर घाम. "यस्टरडे," तो म्हणाला, "यस्टरडे आय ईट मटन."

"काल खाल्लं," मी विचारलं, "का अजून खाऊन राहिलात?"

दाराआड बायका फिसकन हसल्या. मामांचा चेहरा उतरला. तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. म्हणाले, "बरं, आजचं सोडा. उद्याचं सांगा." त्यानं मामांकडं पाहिलं. खरंच पाहिलं, हे मी रंगवून सांगत नाही. आणि मी म्हणाले, "इचारून घ्या मामांना. घाई न्हाई, उद्यापर्यंत सांगितलं तरी चालंल."

चहा तसाच राहिला. ते उठून गेले. माझा किस्सा इथं संपतो, सर. याच वाक्याला टाळ्या पडतात. त्या मुलाचे कान लाल झालेले, आणि जाताना त्यानं चपला उलट्या पायात घातलेल्या, दोन पावलं तसाच चालला, हे मी कुठंच लिहिलेलं नाही.

पुढचं स्वयंपाकघरातलं. अण्णा आत आले. आई चुलीपुढं, तवा उतरवून बसलेली. अण्णांनी कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशीही उगारला नाही, पण आवाज असा होता की आईनं पदर तोंडाला लावला. "हे त्या मास्तरनं शिकवलं का?"

सर, ते दोन-तीन क्षण मी अजून मोजू शकते. नाही म्हटलं तर हे सगळं माझं, माझ्या जिभेचं. मग सोमवारपासून शाळा बंद आणि पुढचं येईल ते स्थळ. हो म्हटलं तर मी बिघडवलेलं लेकरू, आणि बिघडवणारा दुसरा कुणीतरी. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळत होतं. मी म्हणाले, "हाव."

एकच शब्द. त्याचं ना भूतकाळी रूप, ना भविष्यकाळी.

सोमवारी सकाळी अण्णा, चुलते आणि गावातले दोघं औशाला गेले. संध्याकाळपर्यंत आमच्या गावच्या सातही पोरींचा क्लास बंद. आठवड्यात गावागावांत गोष्ट फिरली आणि फिरता फिरता फुगली. गादीघरवाल्याचा भाऊ पोरींना काय काय शिकवतो, हे ज्यांनी कधी इंग्रजीचं पुस्तक उघडलं नव्हतं तेही सांगायला लागले. तुम्ही कोण, आम्ही कोण, अशी जातीधर्मावर आली गोष्ट, जी त्या खोलीत कधीच नव्हती. महिनाभरात खोलीत गाद्यांचे गठ्ठे रचले गेले. आणि मी? माझी शाळा चालू राहिली. अण्णा म्हणाले, लेकराची चूक नाही, संगत वाईट. दहावी झाल्यावर मला नांदेडला आत्याकडं ठेवलं, तिथं तरी नीट शिकेल म्हणून. बारावी झाले, बी.ए. झाले, तुमच्या वाक्यापेक्षा जास्त शिकले.

परीक्षेनंतर वर्गातल्या एकीच्या हाती तुम्ही ही वही पाठवलीत. दोनशे क्रियापदं, तिन्ही रूपं, तुमच्या तिरक्या अक्षरात. पहिल्या पानावर फक्त एवढंच: ग्रामरची चूक माफ. पुढचं अर्धं वाक्य तुम्ही लिहिलं नव्हतं.  मला वाटलं, माझी मी भरावी म्हणून सोडलीय. मी वही ट्रंकेच्या तळाला घातली.

अकरावीत असताना तुम्ही मला दिसलात. नांदेडला, कचेरीबाहेर, एका टपरीत टाईपरायटर घेऊन. समोर एक म्हातारा अर्ज सांगत होता आणि तुम्ही त्याचं इंग्रजी करत होतात. मी मैत्रिणींबरोबर होते. तुम्ही मान वर केलीत, आणि मी ऑटोला हात केला. घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. पुढं तुम्ही गेल्याचं त्या वही आणणारीनंच फोनवर सांगितलं, त्यालाही चौदा वर्षं झाली. मी तेव्हा उद्याच्या अंकाचा मजकूर लिहीत होते. तो पूर्ण केला. चांगला झाला होता, लोक खूप हसले.

हे सगळं मला पेलत होतं, सर. माणूस स्वतःच्या खोट्याची सवय करून घेतो. पण गेल्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. अण्णा आता थकलेत. ओसरीवर बसून आम्ही दोघं हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. टीव्हीवर कुणीतरी माझा तो किस्सा सांगितलेला, त्यावरून बोलणं निघालं. अण्णा घाटा फोडत म्हणाले, "त्या मास्तरचं मला एक कळलं न्हाई. आम्ही चौघं गेल्तो भांडायला. त्यो म्हनंल न्हाई, मी न्हाई शिकवलं, मग चार शब्द वाढतील, असं धरूनच गेल्तो. मी दारातनंच इचारलं, पोरीला हे तू शिकवलंस का? त्यानं इचारलं, पोरगी काय म्हनली? मी म्हनलं, हाव म्हनली. तर जरा थांबला, अन् म्हनला, मग हाव. मीच शिकवलं. तिला काय बोलू नका." अण्णांनी दाणे टोपल्यात टाकले. "लई सरळ माणूस. कबूल तरी केलं."

मी सोलत राहिले. अण्णांना सांगायला हवं होतं. समोर होते, हातपाय धुतलेले होते, जेवायला बसलेले नव्हते. तरीही.

ज्या उंबऱ्यावरून तुम्ही एका उसासाठी पोरीला फाटकापर्यंत परत पाठवलंत, त्याच उंबऱ्यावर तुम्ही खोटं बोललात. माझं झाकायला. परत येऊन मी वही काढली आणि ते अर्धं पान पुन्हा पाहिलं. ती जागा माझ्यासाठी सोडली होती, की पुढचं लिहायचा तुमचाच हात थांबला होता, हे आता कुणाला विचारू?

तेव्हापासून तो किस्सा मी कुठं सांगितलेला नाही. उद्या पहिल्यांदा सांगायचाय, त्याच वयाच्या दोनशे मुलींपुढं. हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाहीच. वहीतच ठेवीन, त्या पहिल्या पानाशी. फक्त एक सांगते. मामांना विचारून घ्या या माझ्या वाक्यावर लोक हसतात तेव्हा मी गप्प उभी राहते, हशा ओसरेपर्यंत. तेवढ्या वेळात तुमचं नाव सहज घेता येतं. वीस वर्षांत एकदाही घेतलं नाही.

तर, सर. काल मी हाव म्हणाले. आज मी हे लिहून राहिलेय. उद्याही त्या हशानंतर मी थांबेन, एवढं नक्की. त्यापुढं काय बोलेन ते मला माहीत नाही, आणि खोटं चालत नाही, म्हणून तिसरं वाक्य लिहीत नाही.