नानाच्या मावशीचा मुखवटा

प्रिय बाबा,

घशाच्या ऑपरेशनपासून तुम्ही फोन कानाला लावता आणि नुसतं 'हं' करता. आवाज घोगरा झाला म्हणून पुण्यात हरीओमदादाकडे दडून बसलात, गावाचं नाव काढत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला 'हं' म्हणून सुटता येत नाही.

बातमी अशी, की तुम्ही ज्याचं नाव नाना ठेवलं होतं तो परत आला. सोन्याच्या मुखवट्यामागे धावणारा तोच इंग्रजी सिनेमातला गडी, पण नट नवा, सिनेमा नव्याने काढलेला आणि बोलणं हिंदीत. शफीकचाचांनी जीप काढली आणि आम्ही रिठदहून थेट वाशिम गाठलं. प्रयागआत्या तर लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. लहानपणी गणपतीत रिसोडहून व्हिडिओ यायचा, कॅसेट इंग्रजी, आणि तुम्ही आपल्या मंडपाचा माईक घेऊन गावाला गोष्ट समजावून सांगायचात. तुमच्या गोष्टीत मुखवटा नानाच्या मावशीचा, चोरीला गेलेला, आणि उद्यावर महालक्ष्म्या आलेल्या. म्हणून तर नाना विमानातून उडी टाकायचा. अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागायचा.

वाशिमला कळलं, की मावशी ही मावशीच नव्हे. ती चोरांची म्होरकी, आणि मुखवटा म्हणे कुठल्याशा यंत्राला बसवायचा होता. बाबा, तुम्हाला इंग्रजीचा गंधही नव्हता हे मला या वयात समजलं. मी इतकी हसले, की आत्याने मला चिमटा काढला.

नवा नाना मात्र अगदीच मुळमुळीत. नदी आडवी आली की मोबाईल काढतो. दरीत पडतो, पण शर्ट मळत नाही. मध्यंतरात शफीकचाचा म्हणाले, "हा कायचा नाना? याले तं मावशीची फिकरच नाही." आत्या उठून निघालीच होती. तिला खाली बसवलं आणि पडदा उजळताच मी मोठ्याने तुमची गोष्ट सुरू केली. "मावशे, रडू नको, नैवेद्याच्या आत मुखवटा घिऊन येतो!" थिएटरात मोजकीच माणसं, तीही सरकत जवळ आली. गप्प करायला आलेला बॅटरीवाला मागच्या खुर्चीत बसून ऐकू लागला. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पण पडद्यावर शेवटी मुखवटा स्फोटात वितळला. सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी खुर्चीखाली चपला शोधू लागले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तुमच्या गोष्टीच्या शेवटावरून हीऽऽ भांडणं. आत्या म्हणते नाना वेळेत पोचला, चाचा म्हणतात मावशीच त्याला आणायला गेली.

खरा शेवट मला काय विचारता? दर वर्षी शेवटाच्या आधीच मी तुमच्या मांडीवर झोपून जायचे. यंदा गणपतीत जुनी कॅसेट लावायचं ठरवलं आहे. आवाजाची काळजी करू नका, तुम्ही नुसतं पुटपुटलात तरी माईक ते वेशीपर्यंत नेईल. गावाला तुमचा घोगरा आवाज चालेल, मला तर पळेल. या ना बाबा. या खेपेला मी जागी राहणार आहे.

तुमचीच,
राखी