आईच्या गाडीला खेचराचे कान

मेम्फिस,
१४ सप्टेंबर २००३

प्रिय हॉइट,

अनेक आशीर्वाद. तू आणि मार्ला खुशाल असाल. मार्लाने पाठवलेला अंजिरांचा मुरंबा पोचला. एक बरणी वाटेत फुटली, दुसरी मी चाटूनपुसून संपवली, तिला सांग. माझा गुडघा आहे तसाच आहे. इथला उकाडा काही हटत नाही. चर्चमधल्या बायकांनी मला पुन्हा भजनमंडळात ओढलंय. झालं, खुशालीचं संपलं.

आता त्या फोटोबद्दल.

पाकीट उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. आधी वाटलं, कुठल्यातरी जत्रेतल्या गाडीचा फोटो आहे आणि पाकिटात चुकून आलाय. मग दारावरच्या लाकडी पट्ट्या ओळखीच्या वाटल्या. मग मागे आपलं कोठार दिसलं. आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, हॉइट. ती आईची गाडी आहे.

आईची आकाशी स्टेशन वॅगन! तिला तू हिरवीगार केलीस. टप सोनेरी, म्हणजे वेनफील्ड कॉलेजचे रंग. टपावर हातभर लांब दोन कान. मागे दोरखंडाची शेपटी. आणि सीटांवर त्या कॉलेजच्या संघाचं चिन्ह, ते खेचर, भरतकामात, म्हणजे आता आईच्या गाडीत बसायचं तर खेचराच्या तोंडावर बसायचं. वर तू कौतुकाने लिहितोस, "हॉर्न दाबला की खेचरासारखा ओरडतो, ऐकशील तर हसून लोळशील." मी लोळले नाही. मी फोटो फ्रीजवर उलटा लावला, मग काढून कचऱ्यात टाकला, मग परत काढला, कारण कोपऱ्यात तू उभा आहेस आणि तुझं पोट बरंच सुटलंय.

इंजिन तू स्वतःच्या हाताने चालू केलंस, त्याबद्दल शाबास. हे वाक्य दोनदा वाच. या पत्रात दुसरं चांगलं वाक्य नाही.

तुला कोणी विचारलं होतं रे? गाडी आईने मला दिली होती, तुला नाही. शेवटच्या आजारपणात, तुझ्यासमोर, स्वच्छ शब्दांत. माझ्या इमारतीत गाडी ठेवायला जागा नाही म्हणून ती तुझ्या कोठारात राहिली, एवढंच. शेजाऱ्याकडे कुत्रा सांभाळायला ठेवला तर शेजारी त्याला हिरवा रंग फासत नाही.

तू म्हणतोस, "नेल्डा, हे डॅडींसाठी केलंय. होमकमिंगला कॉलेजचे जुने लोक जमतील, मिरवणुकीत यंदा जुन्या घराण्यांच्या गाड्या सगळ्यात पुढे आहेत. तू माझ्या शेजारी बस आणि हात हलव." जुनी घराणी! डॅडी त्या कॉलेजच्या वर्गात एक दिवस बसले नाहीत. त्यांचं पेंडीचं दुकान होतं, आणि दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला त्यांच्या अंगात खेचर यायचं. बरं, येवो. साऱ्या गावाच्याच येतं. पण त्याच्यासाठी डॅडींचा पिकअप होता, तुझी स्वतःची गाडी होती. त्या घरात हिरवी नसलेली एकच वस्तू होती, ती गाडी. पडदे हिरवे, मेजावरचं कापड हिरवं, नाताळच्या झाडावर खेचरं. आईने गाड्यांच्या दुकानात पाय आपटून आकाशी रंग मागितला होता. आयुष्यात तिने पाय आपटलेला मला तेवढाच आठवतो.

मी ॲशमोरला शिकले, हे तुझ्या लक्षात असेलच. नसलं तर डॅडींनी लक्षात राहील अशी व्यवस्था केली होती. ॲशमोरने माझी फी माफ केली, वेनफील्डने केली नाही, गोष्ट एवढीशी. पण डॅडींच्या लेखी मी बगळा झाले. ॲशमोरच्या संघाला बगळे म्हणतात, म्हणून सुट्टीत मी घरी आले की ते सगळ्यांसमोर आईला म्हणायचे, "एलोइज, आज तळ्यावरचं पाखरू आलंय, त्याला बशीत मासा दे." सगळे हसायचे. तूही हसायचास, लहान होतास, तुला माफ. मी पण हसायचे. त्याचा राग मला आत्ता, हे लिहिताना जास्त येतोय.

आणि ॲशमोरवरून जायची वेळ आली तर? आधी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे त्या गावात एक नाणं खर्च होणार नाही. तुला लघवी लागली होती आणि तू रडत होतास, आठवतं? "धर कळ, पोरा. त्या मातीवर आपण थांबत नसतो." सीट ओली झाली. ती आईने धुतली.

माझ्या पदवीदानाला ते आले नाहीत. निमंत्रण आईने मेजावर ठेवलं, त्यांनी त्यावर कॉफीचा कप ठेवला. त्यांना मी मनातून कधीच काढून टाकलंय, त्यामुळे त्याबद्दल काही लिहायचं नाही.

तेव्हा मी येणार नाही. मिरवणुकीला नाही, सामन्याला नाही, त्यानंतरच्या तुझ्या डुकराच्या बार्बेक्यूलाही नाही. कान असलेल्या गाडीत बसून मी हात हलवणार नाही.

जाता जाता एक विचारते. आतलं जुनं सामान तू काय केलंस? सीटची कापडं, पायपुसणी वगैरे. फेकलंस की कोठारात पडलंय? सहज विचारतेय.

सहज नाही विचारत. चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते, ऊन आलं की खाली ओढायची, ती झडप. ती तू काढलीस का? नवी बसवलीस का? आणि बसवली असशील तर जुनी कुठे आहे?

आता सांगूनच टाकते. पदवीदानाला आई आली होती. डॅडींना तिने सांगितलं, चर्चच्या बायका गोधड्या शिवायला जमणार आहेत. आणि एकटी, आयुष्यात कधी गावाबाहेर गाडी न चालवलेली बाई, आकाशी वॅगन घेऊन ॲशमोरला आली. रस्ता दोनदा चुकली. माझं नाव पुकारलं तेव्हा मागून एकच शिट्टी आली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. आईला शिट्टी मारता येते हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर आम्ही गाडीचं मागचं दार उघडून त्यावर पाय सोडून बसलो, तळलेली कोंबडी आणि बिस्किटं खाल्ली. तिने कॉलेजच्या दुकानातून एक छोटासा स्टिकर घेतला होता, लाल बगळा, एका पायावर उभा. "हा कुठे लावू गं?" म्हणाली. मी म्हटलं, लावू नकोस, घरी महाभारत होईल. तिने थोडा विचार केला, पुढे गेली, ती झडप खाली ओढली, आतल्या अंगाला बगळा चिकटवला, अंगठ्याने दाबून दाबून, आणि झडप वर लोटून दिली. "इथे तुझ्या डॅडींना दिसायचा नाही. गाडी चालवताना त्यांना फक्त रस्ता आणि खेचर दिसतं." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या घरात माझ्या बाजूची तेवढीच जागा होती, हॉइट. आतल्या अंगाची, हाताच्या तळव्याएवढी. ती तू हिरव्या रेक्झिनने मढवली असशील, किंवा खरवडून काढली असशील, तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस. मुरंबाही नको.

अजून तरी तुझी बहीण,
नेल्डा

मेम्फिस,
२८ सप्टेंबर २००३

प्रिय हॉइट,

मार्लाला नमस्कार. गुडघा बरा आहे. कालचा फोन मी आपटला नाही, माझ्या हातून पडला. मग तो मी पुन्हा उचलला नाही. म्हणून लिहितेय.

तू जे सांगितलंस ते मी एकदा लिहून बघते, म्हणजे मला कळेल मी बरोबर ऐकलं का.

तू सगळी गाडी सोलून काढलीस. सीटा, छताचं कापड, दारांची अस्तरं. शेजारच्या बाजूची झडप बदललीस. पण चालवणाऱ्याच्या बाजूची तशीच ठेवलीस, कारण तुला वाटलं ती मोडकी आहे आणि तिला हात लावायचं तुझ्या जिवावर आलं. बेचाळीस वर्षांचा घोडा, आणि डॅडी जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या ओरड्याला भितोस.

कारण तू लहान असताना पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसायचास. रांधायची शेगडी, बर्फाच्या पेट्या आणि तुम्ही तिघं असं सगळं पिकअपमध्ये मावत नसे म्हणून सामन्याला आईची वॅगन निघायची. दुपारचा सामना, रस्ता सरळ पश्चिमेला, ऊन थेट डोळ्यांत. डॅडी टोपी नाकापर्यंत ओढून, डोळे बारीक करून सूर्याला शिव्या घालत गाडी हाकायचे. एकदा तू मदत करायला म्हणून हात वर केलास आणि त्यांनी तुझ्या हातावर फटका मारला. "ती झडप मोडकी आहे. हात लावलास तर याद राख."

आणि परवा माझं पत्र वाचून तू कोठारात गेलास, भीत भीत ती खाली ओढलीस, आणि ती लोण्यासारखी खाली आली. तिला काहीही झालेलं नाही. आणि आत बगळा.

तू फोनवर रडत होतास. "ताई, त्यांना माहीत होतं गं. त्यांनी जपला तो. बघ, त्यांचं तुझ्यावर किती..." तिथेच माझ्या हातून फोन पडला.

नाही. हे वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

त्यांना माहीत होतं! पहिल्याच उन्हाळी दुपारी कळलं असेल. माझ्या पदवीदानाला आई गेली होती हे कळलं असेल, गोधड्या नव्हत्या हे कळलं असेल. आणि हा माणूस काय करतो? फाडत नाही, भांडत नाही. झडप वर लोटतो आणि मुलाला सांगतो की मोडकी आहे. मग वर्षानुवर्षं सूर्य डोळ्यांत घेत गाडी चालवतो. एवढं त्यांना जमलं. एवढा त्रास सोसायची तयारी होती. आणि दर सुट्टीत माझ्या तोंडावर बशीत मासा वाढायची मस्करी सोडणं जमलं नाही? "तुझ्या पदवीदानाला आई गेली होती म्हणे" एवढं म्हणणं जमलं नाही? मी त्यांच्या दवाखान्यातल्या खाटेशी बसले होते. जीभ शेवटपर्यंत चालत होती. त्यांनी मला सामन्याचा निकाल विचारला.

ते मुळीच दगडाचे नव्हते हे मला आता कळलं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतोय. दगडाला कोण काय म्हणणार? मी इतकी वर्षं दगड समजून निवांत होते.

आणि आई! मी तुला विचारायच्या आधीच तू सांगितलंस म्हणून बरं. तो फटका बसला तेव्हा ती खिडकीशी होती. "ती बाहेर बघत होती गं, पण तिचे खांदे हलत होते." म्हणजे ती हसत होती. म्हणजे त्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. दोघं नवराबायको एका सीटवर बसून एकच गुपित एकमेकांपासून लपवत दर शनिवारी त्या गाडीतून फिरत होती, आणि ज्या मुलीचं ते गुपित होतं तिला कोणी काही सांगितलं नाही. आईवर रागावणं मला जमत नाही. पण आज थोडं रागावलेय. तिने सांगायला हवं होतं.

तू म्हणालास, कान काढतो, शेपटी काढतो, हवं तर पुन्हा आकाशी करतो. नको. राहू दे. रंग आणि कान तू मनापासून केलेत हे मला दिसतंय, आणि त्या गाडीने याहून वाईट गोष्टी सोसल्यात. हॉर्नही राहू दे, पण तो तू वाजवायचास, मी नाही.

मी येतेय. होमकमिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचेन. डॅडींना मी माफ केलेलं नाही, हे सगळ्या गावाला आधीच सांगून ठेव, नाहीतर बायका माझ्या गळ्यात पडतील आणि म्हणतील, बघ, शेवटी त्यांचं प्रेम होतंच ना. होतं. मला ते तेव्हा हवं होतं.

मिरवणुकीत गाडी मी चालवणार. ती माझी आहे. तू शेजारी बस आणि हवे तेवढे हात हलव. मोठ्या रस्त्यावरून आपण पश्चिमेला वळलो की ऊन समोर येईल, आणि तेव्हा मी ती झडप पूर्ण खाली ओढणार आहे. आभाळ भरून आलं असलं तरी ओढणार आहे. बाहेरच्यांना काही दिसायचं नाही, खेचरवाल्यांना कान हवे होते, मिळाले. मला बगळा दिसेल.

डॅडींची ती हिरवी टोपी अजून असेल तर शोधून आण. ती तू घाल, उन्हात तुझे डोळे दिपतील. मला नको. मला मान ताठ ठेवून जायचंय.

शिट्टी मारता येत असेल तर सराव करून ठेव,

एलोइजची मुलगी,
नेल्डा