चढावरची चप्पल

अव्वा,

तुझं एक ऐकायचं मी सोडून दिलं आहे, तेवढं सांगायला बसले आहे. शेजारच्या कानडी पोरांचं ऐकून आम्ही तुला अव्वा म्हणायला लागलो आणि तूही आई म्हणवून घ्यायचा हट्ट धरला नाहीस. बाकी सगळीकडे मात्र तुझाच हट्ट चालायचा. जुन्या हुबळीतल्या आपल्या गल्लीचा तो चढ आठवतो ना? मी सातवी-आठवीत असेन. बाजारातून येताना मला दम लागला आणि मी सरळ कुणाच्या तरी पायरीवर छातीला हात लावून बसले. तू दंडाला धरून उठवलंस. घरी आल्यावर चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "असं रस्त्यात बसायचं नाही बघ. लोक बघतात की! उद्या तुला करून कोण घेणार?" मग आवाज खाली आणून शिकवलंस. दम लागला की थांबायचं, पण दमासाठी थांबलोय असं दाखवायचं नाही. वाकून चप्पल सारखी करायची. नाहीतर कुणाच्या दारात उभं राहून जेवण झालं का विचारायचं, "ऊट आतेन्री अक्का?" ती बाई काय काय केलं होतं ते सांगेपर्यंत श्वास जागेवर येतो.

मी शिकले, आणि पक्कं शिकले. लग्नात बाकीच्या मुलींना आया भांडी देत होत्या, तू मला बक्कलाची चप्पल दिलीस. बक्कल असलं की थांबायला निमित्त आयतं. सासरच्या जिन्यावर ते बक्कल काढत-घालत मी वर्षं काढली, आणि नवरा लोकांना कौतुकानं सांगायचा की आमची ही वस्तू फार जपते. मधे तू गेलीस. मिरचीच्या गोदामात देठं खुडता खुडता बाजूच्या बाईच्या खांद्यावर कललीस ती कललीसच. मिरचीचा खकाणा छातीत बसला, असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो. तुझा ठसका, तुझी धाप, सगळ्याला मिरची होतीच.

मग माझे पाय सुजायला लागले, आडवं पडलं की गुदमरायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं माझं काही न ऐकता हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईच होत्या. छातीवर थंडगार जेल लावून इको केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. हृदयाची एक झडप आखडली होती, नीट उघडतही नव्हती आणि मिटतही नव्हती. लहानपणी घसा धरून ताप आला होता का, गुडघे सुजले होते का, असं त्यांनी विचारलं. त्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालं की पुढं झडपा खराब होतात म्हणे. मग म्हणाल्या, "चढावर काय करता?" मी म्हटलं, "चप्पल सारखी करते." त्या हसल्या. "माझ्याकडं येणाऱ्या बायकांच्या चपला चढावरच कशा सैल होतात, कोण जाणे. कुणी शिकवलं हे?" "आमच्या अव्वानं." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आणि तिला कुणी शिकवलं?"

अव्वा, मी त्या खुर्चीत गार पडले. सगळी गल्ली तुला बोलघेवडी म्हणायची. दहा दारं केल्याशिवाय ही घरी पोचत नाही, अशी थट्टा व्हायची आणि तूही हसायचीस. लहानपणी गुडघे सुजून महिनाभर अंथरुणात होतीस, हे तूच सांगायचीस. न तपासता मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. मला तुझा राग आला, अजून आहे. माझ्यासारखीच तूही त्या खुर्चीत बसू शकली असतीस. लोक काय म्हणतील या भीतीनं तू स्वतःचा जीव घालवलास आणि तीच भीती मला आहेरात दिलीस.

मला आता धातूची झडप बसवली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेते. आणि गंमत ऐक, झडपेचा आवाज येतो. खोलीत शांतता असली की टिक, टिक. तुझी सगळी शिकवण एका टिचकीत फुकट गेली बघ. परवा बेळगावची माणसं तुझ्या नातीला बघायला आली. मावशीनं आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "ऑपरेशनचं काढू नकोस गं. तुझी आई असती तर तिनं बरोबर सांभाळलं असतं." चहा झाला आणि नेमकी लाइट गेली. फॅन थांबला. मुलाची आई इकडं तिकडं बघत म्हणाली, "घड्याळ कुठं लावलंय हो? छान वाजतंय." मावशी घाईघाईनं म्हणाली, "आत आहे, आत. जुनं आहे." मी म्हटलं, "घड्याळ नाही. माझ्या हृदयाची झडप आहे, ऑपरेशन करून बसवलेली. छातीवर व्रण आहे, बघायचा असेल तर आत या, दाखवते." मावशीनं डोक्याला हात लावला. तुझी नात माझ्याकडे बघून हसली.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. मावशी म्हणते, आता येतही नाही. न येवो. ज्यांना हा आवाज सहन होत नाही त्यांच्या घरात माझ्या मुलीनं बक्कलं काढत-घालत दिवस काढायचे का? मी तिला स्वच्छ सांगितलंय, दम लागला तर भर रस्त्यात बस आणि सगळ्यांना सांग. तुला हे आवडणार नाही. न आवडू दे.

हे कुठं पाठवणार? चपलेच्या खोक्यात ठेवते आहे. आज ना उद्या मावशीच्या हाती लागेल, लागू दे. एक मात्र कबूल करते. माहेरी गेले की आपल्या गल्लीतला तो चढ मी आता एका दमात चढू शकते, डॉक्टरांना अभिमान वाटावा अशी. तरी अर्ध्यावर आले की थांबते, वाकते, उगाच बक्कल काढून परत लावते. मला दम लागलेला नसतो, अव्वा. तू मागून येते आहेस असं वाटतं, आणि तुला जरा दम घेऊ द्यावा म्हणून थांबते.