हिरव्या बाटलीचं चित्र

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एक गंमत कळवते. आमच्या चित्रकारांच्या गटानं प्रदर्शनाला विषय काढलाय: आवडता सुगंध डोळ्यांना कसा दिसतो. बाकीचे महागड्या बाटल्या हुंगत बसलेत. मला विचारच करावा लागला नाही. तुझा हिरव्या बाटलीतला सेंट! शाळेच्या फाटकाशी तुझ्याआधी तोच पोचायचा.

चित्रात दुपारची बाग आहे, पोपटी उजेड, आणि बाकावर पाय पसरून बसलेली, कसलीच घाई नसलेली एक बाई. ती तू. नाकही तुझंच काढलंय, रागावू नकोस. फोटो सोबत आहे. वीस तारखेला उद्घाटनाला यायलाच हवंस.

लोभ आहेच, नाकापायी कमी होऊ नये.
तुझी भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. नाक जरा जास्तच झालंय, पण बाई ऐटीत आहे. लाँड्रीत सगळ्याजणींना दाखवला. मला इतकं स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही म्हणून हसत सुटल्या.

तो सेंट कसा आला, ते मात्र तू विसरलेली दिसतेस. पाचवीत होतीस. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली पाळी संपवून मी तशीच फाटकाशी आले, तर मैत्रिणींदेखत नाक दाबून तू म्हणालीस, की आत्या, लांबून चल, तुझ्या अंगाला हॉस्पिटलचा वास येतो. लेकरू होतीस, खरं तेच बोललीस. दुसऱ्या दिवशी मी बाटली आणली. कपडे वाळवायच्या यंत्रामागे दोन फवारे मारायचे, की निघायचं.

उद्घाटनाचं बघू. पाळीवरून थेट यावं लागेल. तुझ्या मोठ्या माणसांत ते बरं दिसेल का?

जेवणाची हेळसांड करू नकोस, माया आहेच.
तुझी आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विसरले नव्हते गं. मैत्रिणी हसल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं. म्हणून तर बाग काढली. तुला बाकावर बसवलं, की फाटक दिसायला नको. आई गेल्यावर जिनं वाढवलं, तिलाच मी लांबून चालायला लावलं. लाज वाटते.

बागेवर रंग फासलाय. आता वाफ आहे, चादरींचे ढीग आहेत, आणि यंत्रामागे अंग चोरून उभी असलेली तू. सगळ्या करड्या रंगात बाटली तेवढी हिरवी. कोपऱ्यात नाक दाबलेली मुलगी आहे. तिचा चेहरा मी लपवलेला नाही.

पाळीवरून थेट ये. सेंट न लावता. माझ्याजवळ उभी राहशील ना?

लोभ मागायला तोंड उरलं नाही, तरी मागते.
भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

येते. थेट येते. त्या मुलीला फार वाईट रंगवलं असशील, तर गाठ माझ्याशी आहे. अकरा वर्षांची होती ती.

एक सांगायचं राहून गेलं. त्या सेंटनं पहिल्या दिवसापासून माझं डोकं दुखतं. पण तो लावला की तू हात धरून चालायचीस, म्हणून संपला की नवा आणत गेले. उरलेली बाटली सोबत पाठवते. तुझ्या आवडीचा आहे, तू ठेव. मला आता लागायचा नाही.

तुझी आत्या